वाणात वाटलेलं डिझाईन

“यात लिहिलंय की चोर मी आहे,” असं म्हणत मंगल परबने नोटीस माझ्या टेबलावर आपटली. आपटली म्हणजे खरंच आपटली. माझा चहा बशीत आला.

नोटीस तीन पानी होती. कोलशेतला किचनवेअर बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या वकिलाची. मजकूर थोडक्यात असा: परातीखाली ठेवायच्या आठ पाकळ्यांच्या रबरी रिंगचं डिझाईन आमच्या अशिलाच्या नावावर रजिस्टर आहे. तुम्ही त्याची हुबेहूब नक्कल विकत आहात. पंधरा दिवसांत विक्री बंद करा, माल नष्ट करा आणि लेखी माफी मागा.

“आणि रिंग मुळात कोणाची?” मी विचारलं.

“माझी! माझ्या ओट्यावर सुचलेली. कणकेचे हात होते तेव्हा माझे. आणि माफी मी मागू?”

मी पेटंट एजंट आहे. एजंट म्हटलं की लोकांना आर.टी.ओ.बाहेर झाडाखाली स्टूल टाकून बसणारा माणूस आठवतो. माझ्या सासूबाई अजूनही पाहुण्यांना “ती सरकारी फॉर्म भरते” असं सांगतात, आणि खरं सांगायचं तर ते फारसं चूक नाही. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, बावीस वर्षं एका औषध कंपनीत पेटंटचे अर्ज लिहिले, आता डोंबिवली पूर्वेला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. खालच्या मजल्यावर दहावीचा क्लास चालतो. तिथली मुलंसुद्धा माझ्या अशिलांपेक्षा जास्त सिरियसली ऐकतात.

मंगल राहते कोपरला. कणीक मळताना परात ओट्यावर गरगर फिरते, हे कुठल्याही घरात विचारा. आपल्या आया खाली ओलं फडकं घालत, नाहीतर जुन्या लुगड्याची चुंबळ. मंगलचे यजमान एमआयडीसीत रबर फॅक्टरीत होते, म्हणून हिच्या डोक्यात आलं, की चुंबळ रबराची का नको? विठ्ठलवाडीच्या एका डायमेकरकडून तिने डाय, म्हणजे साचा, करून घेतला आणि रिंगाही त्याच्याकडेच पाडून घेतल्या. आठ पाकळ्यांचं फूल, मधे गोल भोक. ओट्याला अशी धरून बसते की परात हलायचं नाव घेत नाही. मग यजमानांची फॅक्टरी बंद झाली आणि हौसेची गोष्ट पोटापाण्याची झाली. सोसायटीतल्या चार बायका पॅकिंगला, डोंबिवली-ठाण्यातली नऊ दुकानं. कंपनीने नोटिशीची कॉपी दुकानदारांनाही पाठवली होती. तिघांनी खोकी परत केलेली.

आमच्या धंद्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. मी तो विचारला.

“घराबाहेरच्या माणसाला ही रिंग पहिल्यांदा कधी दाखवलीत?”

“गेल्या वर्षी संक्रांतीला. वाण म्हणून वाटल्या ना! एकावन्न.” तिचा चेहरा एकदम उजळला. “सगळी सोसायटी, शाळेतल्या मैत्रिणी, माहेरच्या, सासरच्या. सगळ्या म्हणाल्या, मंगल, वाण असावं तर असं.”

मी कपाळावर हात मारून घेतला.

इथे थोडा कायदा सांगते, लगेच संपवते. वस्तू काम कशी करते, त्याचं पेटंट मिळतं. दिसते कशी, त्याचं डिझाईन रजिस्टर होतं. दोन्हीला अट एकच, अर्ज करायच्या दिवशी गोष्ट नवी हवी. नवी म्हणजे लोकांनी आधी न पाहिलेली. तुम्ही स्वतःच ती चारचौघांत वाटून मोकळे झालात की झाली जुनी. शोध तुमचा, डोकं तुमचं, मान्य. पण गुपित संपलं की हक्क संपला. मंगलच्या रिंगला पेटंट मिळणं तसंही कठीण होतं, कारण चुंबळ आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे. डिझाईन मात्र सहज मिळालं असतं. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी आली असती तर.

“म्हणजे माझं गेलं?”

“गेलं. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणत तुम्ही स्वतःच्या हाताने वाटून टाकलंत.”

 तिचे डोळे भरले होते. मी नोटिशीला जोडलेलं सर्टिफिकेट उलटलं. कंपनीच्या अर्जाची तारीख होती एप्रिलमधली. संक्रांतीनंतर तीन महिन्यांची. मला हसू फुटलं. वय झालं तरी ही सवय गेली नाही.

“मॅडम, माझा धंदा बसतोय आणि तुम्ही हसताय?”

“अहो, तुमचं ज्या दिवशी गेलं, त्याच दिवशी त्या कंपनीवाल्याचंही गेलं की! एप्रिलमध्ये त्याने जे नवं म्हणून रजिस्टर केलं, ते जानेवारीतच एकावन्न घरांत पोहोचलेलं होतं. नवेपणा कोणी घालवला याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. आपण त्याचं रजिस्ट्रेशन रद्द करायचा अर्ज टाकू.”

“टाका. आत्ता टाका.”

“टाकते. पुरावा आणा.”

पुरावा म्हटल्यावर आमची वरात निघाली. आधी व्हॉट्सॲप. हळदीकुंकवाचे एकशे बारा फोटो होते. मी भिंग घेऊन बसले. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, साड्यांचे काठ, पुन्हा साड्या, एका बाईचं तोंड वाकडं आलं म्हणून तोच फोटो चार वेळा. वाण एकाही फोटोत नाही! सगळं वाण पिशव्यांत. एका फोटोत कोणाच्या तरी पदराआडून काहीतरी गोल डोकावत होतं, पण ते रिंग की बांगडी, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मग विठ्ठलवाडीचा डायमेकर. माणूस सज्जन. “डाय माझीच हो मॅडम, हाताने घासलीय. पण तारीख कोण लक्षात ठेवतो?” बिल त्याने दिलं होतं कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे, आणि ते पान नेमकं तारखेच्या बाजूने फाटलेलं. त्याने एक कामाची गोष्ट मात्र सांगितली. पहिल्या लॉटच्या वेळी त्याच्याकडे फक्त राखाडी रबर होतं. वाणाच्या एकावन्नच्या एकावन्न रिंगा राखाडी. लाल रंग आला तो पुढे दिवाळीत, मंगल दुकानांना माल द्यायला लागली तेव्हा.

उरल्या बायका. त्यांची ॲफिडेव्हिट घ्यायची, म्हणजे शपथेवर लिहून द्यायचं की मला अमक्या दिवशी ही वस्तू मिळाली. रविवारी दुपारी मी कोपरला मंगलच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गेले. तीसेक जणी जमल्या होत्या. पोह्यांची सोय होती.

“मंगलताईंची रिंग कोणाकोणाकडे आहे?”

सगळे हात वर.

“रोज वापरता?”

“रोज! तिच्याशिवाय पोळी होत नाही आमच्याकडे.”

“छान. मग जाऊन घेऊन या.”

सगळ्या एकदम साड्या सावरायला लागल्या. एकीला गॅस बंद केला की नाही ते आठवेना. एकीची किल्ली मिस्टरांकडे होती. अर्ध्या तासाने अकरा जणी रिंग घेऊन परतल्या, आणि त्यातल्या पाच रिंगा लाल होत्या.

आता वाणाचं काय होतं, हे मी मराठी वाचकांना सांगायला नको. मकर संक्रांत ते रथसप्तमी वाण मुक्कामाला कुठे थांबत नाही. या घरातलं त्या घरात, त्या घरातलं तिसऱ्या. मीही काही धुतल्या तांदळाची नाही. माझ्याकडे आलेला एक प्लास्टिकचा डबा मी पुढे दिला होता आणि दोन वर्षांनी तोच डबा, झाकणावरच्या चऱ्यासकट, माझ्याकडे परत आला. मी त्याचं हळदकुंकू लावून स्वागत केलं. पण हे शपथेवर, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर कोण लिहून देणार?

आणि मला नेमकं तेच हवं होतं. कारण समोरचा वकील काय म्हणणार ते मला पाठ होतं. तो म्हणणार, ही घरगुती गोष्ट आहे, मैत्रिणी-मैत्रिणींत विश्वासाने दाखवलेली. विश्वासात दाखवलेली वस्तू कायद्याने जाहीर झाली असं धरत नाहीत. त्याला एकच उत्तर होतं. कोणीतरी ती रिंग बिनदिक्कत परक्या बाईच्या हातात ठेवली, हे दाखवायचं. अशा बायका त्या हॉलमध्ये डझनावारी बसल्या होत्या.

“कोणी पुढे कुणाला दिली असेल तर सांगा. उलट आपला फायदाच आहे,” मी म्हटलं.

सगळ्यांनी एकदा मंगलकडे बघितलं आणि पोह्यांकडे वळल्या. चूक माझीच. वाण देणारीला समोर बसवून मी असला प्रश्न विचारत होते. बावीस वर्षांचा अनुभव, आणि एवढं कळू नये!

परतताना मी मंगलला विचारलं, “कंपनी कोलशेतला. तिथवर रिंग गेली कशी? तिथे तुमचं कोण आहे?”

“कोणीच नाही. म्हणजे मोठ्या वहिनी आहेत, तिथल्याच एका टॉवरमध्ये. पण त्या तसल्या नाहीत हं. त्यांनी तर देवघराशेजारी जपून ठेवलीय, मला सांगितलंय त्यांनी.”

दुसऱ्या दिवशी मी कोलशेतला गेले. एकटी. सुनंदा परब म्हणजे मंगलची थोरली जाऊ. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून खाडी दिसते, सोफ्यावर अजून प्लास्टिकचं कव्हर. मी विषय काढायच्या आत त्यांनी आतून रिंग आणली.

“ही बघा. आमच्या मंगलने दिलेली. जिवापाड जपलीय.”

रिंग लालबुंद होती.

“सुनंदाताई,” मी म्हटलं, “वाणातल्या सगळ्या राखाडी होत्या.”

बाईंनी रिंग उलटसुलट करून बघितली. मग त्यांनी उठून हॉलचं दार लावलं, घरात आम्ही दोघीच असून.

“एक वाण कमी पडलं हो,” त्या हळूच म्हणाल्या. “रथसप्तमीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. स्टीलच्या वाट्या आणलेल्या, मोजून. आणि चौदाव्या मजल्यावरची शर्मिला आयत्या वेळी आली. तिला काय, तसंच पाठवू? कपाटात ही दिसली, दिली. ही लाल मी दिवाळीनंतर दुकानातून विकत आणली, मंगल आली तर दाखवायला.”

“शर्मिला कोण?”

“शर्मिला बोरकर. तिच्या मिस्टरांची भांड्याकुंड्यांची फॅक्टरी आहे इथेच.”

नोटिशीवर मालकाचं नाव बोरकर होतं. मला उठून फुगडी घालावीशी वाटली. गुडघ्यांमुळे घातली नाही.

“याचं काही लेखी आहे? फोटो, मेसेज?”

त्यांनी टीपॉयवरचा फोन उचलला आणि उलटा ठेवला. उलटा ठेवलेला फोन म्हणजे आहे. मी चहा घेतला, लाडू घेतला, दुसरा लाडू घेतला, आणि हललेच नाही. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मेसेज रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशीचा होता. वर फोटो: एका हाताने उचलून धरलेली परात, खाली ओट्यावर राखाडी रिंग, आठच्या आठ पाकळ्या स्वच्छ मोजता येतील असा. खाली शर्मिला बोरकर यांचा मजकूर: “वहिनी, वाण एकदम मस्त! परात जागची हलत नाही. हे पण बघतच राहिले. कुठून आणलंत?”

आणि त्याखाली सुनंदाताईंचं उत्तर: “सिंगापूरहून मागवलं.”

मी तोंडावर हात धरला, तरी आवाज बाहेर आलाच. म्हणजे बोरकरसाहेब समजले की माल परदेशातला आहे. सिंगापूरवाला काही कोलशेतला भांडायला येत नाही. म्हणून एवढ्या निर्धास्तपणे स्वतःच्या नावावर करून टाकलं! परदेशातली वस्तूसुद्धा कायद्याने जुनीच ठरते, पण ते जाऊ दे.

“हसू नका हो,” सुनंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. “ती शर्मिला प्रत्येक गोष्ट फॉरेनची दाखवते. चमचासुद्धा. मग मी बोलून गेले. धाकट्या जावेने कोपरला घरात केलंय, असं सांगायला मला लाज वाटली. आता लाज वाटल्याची लाज वाटते. मंगलला कळलं तर ती माझ्या दारात पाय ठेवणार नाही.”

“आणि नाही कळलं तर तिचं काम बंद पडेल. तिच्याबरोबर आणखी चौघींचं.”

त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन तो मेसेज पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, “मेसेज देते. पण ते सिंगापूर तेवढं गाळता येईल का?”

“नाही. पुराव्यात मेसेज पूर्ण लागतो. फोन तुमचाच आहे, हेही लिहून द्यावं लागेल.”

दोन दिवसांनी त्यांनी नोटरीसमोर सही केली. कलम चार: मला मिळालेले वाण मी श्रीमती बोरकर यांना वाण म्हणून दिले, कोणतीही गुप्तता पाळण्यास न सांगता. कलम पाच: सदर वस्तू सिंगापूरहून मागवल्याचे मी सांगितले, ते खरे नव्हते. नोटरीने कलम पाच दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

अर्जावर सही मंगलची, त्यामुळे सगळे कागद तिला वाचायला द्यावेच लागले. ती माझ्यासमोर बसून वाचत होती आणि मी उगीच फायलींचे ढीग नीट लावत होते.

“वाण पुढे दिलं ते ठीक आहे,” ती शेवटी म्हणाली. “मीपण देते. पण सिंगापूर कशाला? कोपर म्हणाल्या असत्या तर तोंड झिजलं असतं?”

 तिने सही केली, एवढी जोरात की खालच्या कागदावर उमटली. त्यानंतर दोघी जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

पुढे कागद तिकडे, कागद इकडे, असे महिने गेले. सुनावणी व्हिडिओवर झाली. डिझाईनचं ऑफिस कोलकात्याला आहे, तिथून कंट्रोलर बाई. कंट्रोलर म्हणजे अशा प्रकरणात निकाल देणारे अधिकारी. एका चौकोनात मी आणि मंगल, दुसऱ्यात बोरकरांचा वकील, तिसऱ्यात स्वतः बोरकर, मागे घरातली शोकेस.

वकील तरुण आणि चटपटीत होता. मला पाठ होतं तेच तो बोलला. “मॅडम, हा खाजगी घरगुती समारंभ होता. सगळ्या ओळखीच्या बायका. परस्परविश्वासाचं वातावरण. याला प्रसिद्धी कसं म्हणायचं?”

“सर,” मी म्हटलं, “गुपित होतं, तर ते कोपरहून कोलशेतला तीन आठवड्यांच्या आत कसं पोहोचलं?” आणि मेसेज स्क्रीनवर लावला.

“हा स्क्रीनशॉट बनावट असू शकतो,” वकील म्हणाला. “साक्षीदार अर्जदाराची नातेवाईक आहे. शिवाय ती खोटं बोलते, हे तिने स्वतःच लिहून दिलंय.”

मुद्दा बिनतोड होता.  मंगलने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. कंट्रोलर बाईंनी विचारलं, “मिस्टर बोरकर, ही शर्मिला बोरकर तुमची कोण?”

बोरकर वकिलाकडे बघायला लागले. व्हिडिओवर तसं बघता येत नाही, त्यामुळे ते नुसतेच छताकडे बघताना दिसले. तेवढ्यात त्यांच्या मागच्या खोलीतून खणखणीत आवाज आला.

“अहो सांगा ना बायको म्हणून! मेसेज माझाच आहे, परात माझी आहे. बनावट काय म्हणतो तो मेला?”

बोरकरांनी माईक बंद केला. व्हायचं ते होऊन गेलं होतं. कंट्रोलर बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. लिहीत असाव्यात, असं मी धरून चालते.

दीड महिन्याने ऑर्डर आली. वस्तू अर्जाच्या तारखेआधीच लोकांत पोहोचलेली होती, सबब रजिस्ट्रेशन रद्द. मी फोन केला तेव्हा मंगल एवढ्या जोराने ओरडली की खालच्या क्लासला ऐकू गेलं असेल.

“म्हणजे आता रिंग माझी ना?”

“नाही. आता ती सगळ्यांची. तुम्ही बनवा, बोरकर बनवतील, उद्या मीही बनवीन. तुम्हाला थांबवायचा हक्क मात्र कोणाला नाही.”

तिला हे अजिबात पटलं नाही. “आपण जिंकलो की हरलो, मॅडम?” तिने दोनदा विचारलं. दुकानांनी खोकी पुन्हा मागवली तेव्हा तिची खात्री पटली. रिंग ज्या नावाने विकते त्या नावासाठी मी तिला ट्रेडमार्क भरायला लावला. नाव तुम्ही आधी वापरलंत तर हक्क उलट पक्का होतो, जात नाही.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आली. हातात जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीने आवळलेलं बोचकं. नवीन वस्तू. मी हात पुढे केला तर तिने बोचकं मांडीवर ओढलं.

“आधी यावर सही करा.”

हाताने लिहिलेला कागद होता. मी, पेटंट एजंट, ही वस्तू कोणालाही दाखवणार नाही, सांगणार नाही, फोटो काढणार नाही, देणार नाही आणि वाणात तर मुळीच देणार नाही. कायद्याने एक शब्द चुकीचा नव्हता. असा कागद करून घ्या म्हणून मी वर्षानुवर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडते आहे. आजवर एकानेही केला नव्हता, आणि केला तो माझ्यावरच.

मी सही केली. खाली साक्षीदार म्हणून एक सही आधीच झालेली होती. सुनंदा परब.

“बोलायला लागलात वाटतं?” मी विचारलं.

“त्याच आल्या घरी. रडल्या. मीपण रडले.”

“आणि ही वस्तू काय आहे, ते त्यांना माहीत आहे?”

“छे!” मंगल सुतळीची गाठ सोडत म्हणाली. “माया वेगळी, धंदा वेगळा, मॅडम.”